हनीफभाईंनी कान लावला

फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ सुरीनं खरवडू नये, असं फ्रिजबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. आमचा फ्रिज पुस्तकाशिवाय आला होता. ऊर्जानगरातून, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतून, बदलून जाणाऱ्या एका साहेबांनी तो जाता जाता आमच्या गळ्यात घातला आणि 'साहेबांचा फ्रिज' म्हणून आम्हीही तो मिरवत क्वार्टरात आणला. मे महिन्यातल्या एका दुपारी, पाहुणे यायच्या आत त्यातला बर्फाचा डोंगर फोडून टाकावा म्हणून मी भाजीची सुरी घेतली. दोनतीन घाव छान बसले. चौथ्याला आतून 'फुस्स' झालं आणि गार वाफेची एक बारीक रेघ माझ्या चष्म्यावर येऊन बसली.

कुंदा, म्हणजे माझी बायको, मागेच उभी होती. ती आरमोरीकडची. तिथली माणसं संकटात आवाज चढवत नाहीत.

"का जी," ती म्हणाली, "मेला का तो, का अजून दोन मारता?"

मी वीज केंद्रात कोळसा खात्यात होतो. जिथं अख्ख्या मुलखाची वीज तयार होते तिथला आपण माणूस, तेव्हा घरातल्या विजेच्या वस्तूंवर आपलाच हक्क, असा माझा समज होता. त्या समजापायी एक मिक्सर आणि दोन इस्त्र्या आधीच कामी आल्या होत्या.

संध्याकाळी फ्रिजवाले हनीफभाई आले. सायकलच्या दांड्याला पिशवी, मेंदी लावलेली आखूड दाढी आणि डाव्या कानामागे खोचलेली पेन्सिल. दारातच चपला काढून त्यांनी विचारलं, "बाई, येऊ का अंदर?" आत आल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी पंखा बंद करायला लावला. चंद्रपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर फार मोठा असतो. मग त्यांनी फ्रिजचं बटण लावलं, मागच्या बाजूला उकिडवे बसले, कंप्रेसरच्या काळ्या डब्यावर कान टेकवला आणि डोळे मिटले.

आम्ही घामानं निथळत उभे. त्या शांततेत मला पहिल्यांदाच कळलं की आपला फ्रिज इतक्या मोठ्यानं कण्हतो.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "भाऊ, याले तुम्ही मारलं नाई. नाव तुमच्या सुरीचं झालं. हा कवाचाच मेला होता."

"पण चालू तर होता!"

"चालू होता ना. घाण्याचा बैल चालतेच की. अहो, चार घरचा करंट खाऊन राह्यला हा, अन् एका घरचं पाणी थंडं करून राह्यला. तुम्ही तिकडे रातदिन कोळसा टाकता, हा इथी बसून खाते. दुरुस्त करून द्या म्हनसान तं करून देईन. पण मंग मले झोप नाई येनार."

हा हनीफभाईंचा निकाल. चंद्रपुरात, बल्लारपुरात, पार मूल-सिंदेवाहीपर्यंत लोक जुना फ्रिज घेताना एकच विचारायचे, "हनीफभाईंनी कान लावला का?" लावला असेल तर व्यवहार पुढे. त्यांनी 'मेला' म्हटलं की तो मेला. मग मालक हातापाया पडला तरी त्यात ते गॅस भरत नसत. मेकॅनिकनं दुरुस्तीला नाही म्हणावं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ऊर्जानगरात तर जुने फ्रिज बापजाद्यांसारखे सांभाळले जायचे. वीज आपलीच, मग किती खातो ते कोण बघतं?

मेलेल्या फ्रिजचं त्यांच्याकडे सगळं रीतीनं व्हायचं. सगळ्यात आधी दार काढायचं. दार निघाल्याशिवाय ते त्याला जागचा हलवू देत नसत. "लेकरं लपाछपीत अंदर बसते, अन् ही कडी अंदरून खुलत नाई," एवढंच ते सांगत. ते असं काही सांगत की पुढचं विचारायची हिंमत होत नसे. मग गॅस. दुसरे मेकॅनिक नळी कापून तो हवेत सोडून देत. हनीफभाईंनी एका जुन्या कंप्रेसरचाच पंप बनवला होता. त्यानं ते मेलेल्याचा गॅस ओढून टाकीत भरत आणि जिवंताला देत. "हवेत सोडलं ते वापस मागता येत नाई, भाऊ. बोलनं अन् गॅस, दोघांचं एकच आहे."

त्यांचं दुकान दुर्गापूर रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड आणि पुढे एक बाभूळ. शेडच्या भिंतीला पंचवीसतीस फ्रिजची दारं ओळीनं उभी. पांढरी, फिकट निळी, पिस्त्याच्या रंगाची. आमच्याकडे उघड्यावरच्या कोणत्याही वस्तूवर तासाभरात कोळशाची काळी भुकटी बसते. हनीफभाई सकाळी ओल्या फडक्यानं ती सगळी दारं पुसत. का पुसत, कुणास ठाऊक. ती काही विकायची नव्हती. पण सकाळच्या पाळीच्या बसमधून जाताना ती दारं दिसायची, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं की हे एखादं लांबलचक घर आहे, त्याला भिंतीच नाहीत, नुसती दारं आहेत आणि प्रत्येक दाराआड हिवाळा आहे.

आत गेलं की उन्हाळ्यातही बरं वाटायचं. तांब्याच्या नळ्यांची वेटोळी वर टांगलेली, वारं आलं की एकमेकांवर बारीक वाजणारी. तांबं एका बाजूला, ॲल्युमिनियम दुसऱ्या, लोखंड तिसऱ्या. फ्रिजमधल्या भाजीच्या टोपल्यांत मेथी पेरलेली. दाराच्या रबरात जी लोहचुंबकाची पट्टी असते तिचे तुकडे एका डब्यात. येणाऱ्या प्रत्येक पोराला एक. फ्रिजचे सांगाडे आडवे पाडून त्यांच्या ते पेट्या करत. धानाचे शेतकरी बियाण्यासाठी त्या न्यायचे. कडी काढून टाकलेली, हवेला बारीक भोकं, भोकांना जाळी. उंदीर कितीही शिकलेला असला तरी आत जाऊ शकत नसे. सिरोंचाकडचे मासेवाले बर्फासाठी न्यायचे. मी एकदा म्हणालो, "हनीफभाई, तुमच्याकडे काहीच वाया जात नाही."

"जाते ना," ते म्हणाले. "तुम्ही इथी बसून राह्यले तो टाइम."

पण बसू द्यायचे. चहा सांगायचे. आणि संध्याकाळी शेडमध्ये ऊन तिरपं आलं की मनातलं बोलायचे.

"लोकं म्हनते फ्रिज थंडी बनवते. थंडी कोनी बनवत नसते, भाऊ. थंडी म्हनजे काईच नाई. गरमी असते, तेच खरं. हा बिचारा अंदरची गरमी उचलते अन् पाठीमागून बाहेर नेऊन टाकते. हमाल आहे. रातदिन एकाच घरातली गरमी वाहून राह्यला. म्हातारा झाला की कमी उचलते अन् जास्त धापा टाकते. आपन त्याले म्हनतो, चाल, अजून चाल. काऊन? त्याले मोकळं करा, त्याचं तांबं दुसऱ्याले द्या."

मला शाळेत हेच शिकवलं होतं. पण तेव्हा ते समजलं नव्हतं, आणि परीक्षेत मी त्याचे पूर्ण गुण मिळवले होते.

अशा माणसाला आपणही काही द्यावं म्हणून मी एकदा नागपूरहून मीटर आणलं. वायरीला चिमट्यासारखं लावायचं; किती करंट खातो ते काटा सांगतो. हनीफभाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"बुरा नका मानू. मीटर चांगलं आहे. पण ज्याचा कान गेला त्याच्या कामाचं आहे. तुम्ही ठेवा."

मी रागावलो नाही. म्हणजे, पंधरा दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही, एवढंच.

पुढे मी शहरात, तुकूमला, घर बांधलं आणि ऊर्जानगर सोडलं. तेव्हा कुठं कळलं की चंद्रपुरात भारनियमन असतं! जन्मभर वीज केंद्रात कोळसा मोजला आणि घरी आलो तर अंधार. शेजारी मला पाहून हसायचे, जणू बटण मीच बंद करून आलोय. आमचा फ्रिज आता हनीफभाईंनीच निवडून दिलेला होता. मेलेल्या दोघांचे अवयव घालून उभा केलेला, पण हडकुळ्या माणसासारखा कमी खाणारा. वर्षातून एकदा ते येऊन त्याला कान लावून जात. सासरी दिलेल्या लेकीला पाहायला बापानं यावं तसे.

त्या जानेवारीतही आले. सकाळचे अकरा वाजले असतील. थंडी होती, पंखा बंदच. कुंदानं चहा टाकला. हनीफभाई नेहमीसारखे मागे उकिडवे बसले, कान टेकवला, डोळे मिटले. चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"वा," ते म्हणाले. "वा, बाई. काय चालून राह्यला! तान्ह्या लेकराचा श्वास आहे नुसता."

वीज जाऊन अर्धा तास झाला होता.

मी तोंड उघडलं. कुंदानं माझ्या पायावर पाय दिला, आणि चांगलाच दिला. "हो भाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, "मस्त चालून राह्यला."

तिथंच संपलं असतं. पण त्यांना दाराचं रबर पाहायचं होतं. त्यांनी दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. दार लावलं, पुन्हा उघडलं. मग वर पंख्याच्या बटणाकडे पाहिलं, उठले, ते दाबलं. पंखा हलला नाही.

"लाईट कवाची गेली, भाऊ?"

मी सांगितलं. त्यांनी हात कानाशी नेला, तेव्हा मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. पाच फुटांवरच्या माणसाला मी ओरडून सांगत होतो, आणि हे मी गेलं वर्षभर करत आलोय हे मला त्याच क्षणी कळलं. माणूस म्हातारा झाला की आपण आपोआप आवाज वाढवतो. का वाढवला ते विचारत नाही. चाळीस वर्षं ते लोखंडावर हातोडा घालत होते. तिथंच कान हळूहळू झिजला असणार.

ते जमिनीवरच बसले. चहावर साय आली.

"म्हनजे मले मशीनचं नव्हतं ऐकू येत," ते म्हणाले. "मनातलंच ऐकून राह्यलो होतो."

"वय झालं की होतं हो," मी म्हणालो.

"वयाचं नाई. किती जनांले मी सांगतलं, हा चांगला आहे, घे. किती जनांचा चांगला तोडून टाकला. कान गेला तं गेला. पण लोकं माझ्या जबानीवर घेऊन गेले ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दुकानाची पाटी अर्धी रंगवून काढलेली होती. 'दुरुस्ती' गेली होती. 'जुने फ्रिज तोडून मिळतील' एवढंच उरलं होतं. आणि त्या रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. "तुमचं ते मीटर हाये का?"

त्यानंतरचे चारपाच रविवार माझ्या आयुष्यातले मोठ्या मानाचे रविवार. मागल्या दीड वर्षात ज्या ज्या फ्रिजला त्यांनी 'चांगला' म्हटलं होतं, त्या प्रत्येकाच्या घरी आम्ही गेलो. यादी नव्हती. त्यांना फ्रिज आठवायचे, माणसं नाही. "तो निळा, कडी ढिली होती, तिथी." मी चिमटा लावायचा, काटा वाचायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. मग ते घरमालकाला सांगत, "बरोबर आहे," किंवा, "मी चुकलो. हा बदलून देतो." लोक अवघडून जात. बल्लारपूरला एक बाई म्हणाली, "राहू द्या नं भाऊ, चालून तं राह्यला." ते म्हणाले, "चालून राह्यला, तेच तं वांधं आहे." बल्लारपूरचे दोन बदलले, मूलचा एक. बाकीचे बरोबर निघाले. पण आम्ही आनंदानं परत येताना ते रस्त्यातच थांबून म्हणत, "अन् जे तोडले ते? त्याइले कुठचं मीटर लावनार?"

शेवटचा उरला सिरोंचाचा, पोशक्काचा. ती गोदावरीकाठी मासे विकायची. दोनदा तिनं त्यांच्याकडून बर्फाच्या पेट्या नेल्या होत्या, आणि मागच्या उन्हाळ्यात, आयुष्यात पहिल्यांदा, चालू फ्रिज नेला. बसच्या टपावर बांधून. हनीफभाईंनी तिला सांगितलं होतं, "बहन, हा तुले दगा नाई देनार."

आम्ही लाल बसनं निघालो. आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल सुरू झालं ते संपेचना. पानगळ चालू होती. ती मोठी पानं रस्त्यावर अशी सावकाश उतरत होती, जणू त्यांना कुठं पोचायचंच नव्हतं. बसचा आवाज एवढा, की ऐकू येणारा आणि न येणारा आम्ही दोघं सारखेच. हनीफभाई खिडकीला डोकं टेकून बसले होते. मध्येच माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "पान पडलं तं आवाज येते का हो?" मी मान हलवली, हो की नाही, ते माझं मलाही ठरवता आलं नाही.

पोशक्काचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. "कूर्चो अन्ना, कूर्चो," म्हणत तिनं बसायला बाज ओढली. फ्रिज ओसरीत होता. पण उभा नव्हता, आडवा होता. दार वरच्या बाजूला, आत भुशात बर्फाचे खडे आणि त्यावर चांदीसारखे मासे. मागची वायर नीट गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलेली. सुतळीवर धूळ बसली होती.

हनीफभाई त्या सुतळीकडे बघत उभे राहिले.

पोशक्का माझ्याजवळ सरकली आणि खालच्या आवाजात तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत बोलू लागली. पहिल्या महिन्यातच तो दिवसरात्र धापा टाकायला लागला. लाईटचं मीटर गरगर फिरायला लागलं. मासे मात्र कोमटच. मग तिनं बंद केला, बर्फ भरला. "सांगायचं होतं ना त्यांना," मी म्हणालो. ती म्हणाली, "कसं सांगू? इकडं सगळे म्हणते, हनीफ अन्नानं कान लावला म्हणजे चांगलाच. मी म्हटलं वाईट, तर अन्नाचं नाव जाईल. कोणी विचारलं तर सांगते, मस्त चालते. पण माझ्या घरात लाईटच राहत नाही."

हनीफभाई माझ्याकडे वळले. "काय म्हनते ते?"

चार रविवार मी काटा वाचून खरा आकडा ओरडत आलो होतो. तेवढंच माझं काम होतं. समोर तो माणूस, मागे ती सुतळी.

"म्हणते," मी म्हणालो, "पेटी छान झाली. बर्फ चांगला टिकतो."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग सावकाश मान हलवली, पिशवी उघडली आणि पंप अन् टाकी बाहेर काढली. त्या दुपारी त्यांनी त्याचा गॅस ओढून घेतला, मागचं काळं धूड उतरवलं, तांब्याची नळी सोडवून वेटोळं केलं. दाराची कडी काढून टाकली. तळाला भोक पाडून पाणी जायला नळी बसवली. शेवटी पेटीवर थाप मारून म्हणाले, "बहन, आता खरा झाला हा. आता काईच नाई खानार." पोशक्का पदराआड हसली की रडली ते दिसलं नाही. फडक्यात मीटर बांधून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवलं. ते दोन दिवस तिथंच थांबणार होते. आणखी दोन मासेवाल्यांना पेट्या हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस. ती नदीच्या बाजूनं वळसा घेते. गोदावरीवर धुकं होतं, एवढं की पलीकडचा काठ आहे हे मानूनच घ्यावं लागत होतं. वाळूत ती पांढरी पेटी ठेवलेली, आणि तिच्या कडेला टेकून हनीफभाई. भोवती चारसहा मासेवाले एकाच वेळी तेलुगूत काहीतरी सांगत होते, हातवारे करत होते, आणि हनीफभाई प्रत्येकाकडे वळून मन लावून मान डोलवत होते. ऐकू येत नव्हतं म्हणून, की ती भाषाच येत नव्हती म्हणून? धुक्यात आधी माणसं गेली, मग ते, आणि सर्वांत शेवटी ती पेटी.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. तिथंच पेट्या करत राहिले, आणि पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेल्याचा निरोप आला.

सिरोंचाहून परतलो त्या रात्रीच मी कुंदाला सगळं सांगितलं होतं. पोशक्का काय म्हणाली ते, आणि मी काय सांगितलं तेही. आयुष्यभर खरं बोलणाऱ्या माणसाशी, त्याच्या तोंडावर, मी खोटं बोललो होतो. मला झोप येत नव्हती.

कुंदा अंथरूण झटकत होती. ती म्हणाली, "लबाड बोलताना तुमचा आवाज पोटात जाते. इतके वर्सं पाहून राह्यली ना मी. त्याइले काईच ऐकू आलं नसन, पण सुतळी तं दिसली ना. मान हालवली ते तुमच्यासाठी. झोपा आता."